'ग्रुपवर टाकलंय' म्हणजे कळवलं का?

पूर्वी सरकारचा निरोप गावात यायचा तो कोतवालाच्या पायाने. तहसीलचा कागद घेऊन तो चावडीवर यायचा, पाटील-तलाठ्यांना दाखवायचा आणि गरज पडली तर दवंडी पिटायचा. आता निरोप खिशात वाजतो. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यापासून गेवराई-माजलगावच्या गोदाकाठापर्यंत, बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत सरकारी माणसाच्या कानावर एकच वाक्य पडत असते, "साहेबांनी ग्रुपवर टाकलंय, बघितलं नाही का?" बीडला रेल्वे यायला २०२५ चा १७ सप्टेंबर उजाडावा लागला. मोबाइलवरचे हे ऑफिस मात्र त्याच्या कितीतरी आधी वाडी-वस्तीवर आणि तांड्यावर जाऊन बसले आहे.

अंगणवाडी सेविका बीटच्या ग्रुपात असते आणि प्रकल्पाच्याही. आशाताई गटप्रवर्तकांच्या ग्रुपात, शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्राच्या. गुरुजी केंद्राच्या ग्रुपात, तालुक्याच्या ग्रुपात आणि निवडणूक आली की मतदान केंद्राच्या. तलाठी आणि ग्रामसेवक यांची तर गणतीच नको. (२०२४ पासून कागदोपत्री तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाचा 'ग्रामपंचायत अधिकारी' झाला आहे. गावाच्या तोंडी जुनीच नावे आहेत आणि राहतील.) एकेका माणसाच्या फोनात पाच-सहा सरकारी ग्रुप, वर भावकीचा, वर गावचा.

ही ऑफिसे उघडली कोणी? खरे सांगायचे तर कोणीच नाही. कधीतरी एखाद्या मोहिमेसाठी, एखाद्या बैठकीसाठी कोणा उत्साही माणसाने सगळ्यांचे नंबर एका जागी गोळा केले. मोहीम संपली, ग्रुप राहिला. मग त्यात आदेश येऊ लागले, तक्ते येऊ लागले, नोटिसा आणि कानउघाडणीही येऊ लागली. पण इथे काय टाकायचे, काय नाही, किती वाजेपर्यंत, आणि वाचले नाही तर काय, हे सुरुवातीला कोणी बसून ठरवलेच नाही. घर बांधून झाले, राहणारे राहायला आले आणि दरवाजा कुठे ठेवायचा हे विचारायचे राहून गेले, असा हा प्रकार आहे.

बारनिशीत काय होते

तहसील कचेरीत ज्याचे काम पडले आहे, त्याला बारनिशी माहीत असते. आलेला कागद तिथे नोंदला जातो, त्याला क्रमांक मिळतो, तारीख पडते, कोणत्या टेबलाकडे गेला ते लिहिले जाते. लोक या पद्धतीला कंटाळतात, कागद अडकतो म्हणून शिव्याही देतात. पण कागद अडकला तर तो कुठे अडकला हे तरी कळते. शेजारच्या नगर जिल्ह्यात १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतले कागद लावण्याची नवी घडी बसवली. 'लखिना पॅटर्न' म्हणून ती राज्यभर गाजली. तिचे मर्म एवढेच होते, की हवा तो कागद हव्या त्या वेळी हाताला लागला पाहिजे.

ग्रुपला ही कसोटी लावून बघा. मागच्या महिन्यात कुपोषित बालकांच्या वजनाबाबत नक्की काय कळवले होते? कोणी म्हणेल वर सरकवून बघा. वर सरकवायला गेले की साठ जणांचे 'ओके सर', चाळीस जणांचे हात जोडलेले, तीन वाढदिवस, एक भावपूर्ण श्रद्धांजली आणि फुलांचा गुच्छ घेतलेले सुप्रभात. त्याखाली कुठेतरी तिरक्या फोटोत काढलेला, अर्धा कापला गेलेला सरकारी कागद. आदेश आला हे खरे, पण तो सापडत नाही हेही तितकेच खरे.

मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी यावर वेगळा उपाय काढला. अमेरिकेत आणि कॅनडात एक छोटी कंपनी इंटरनेटवर खेळायचा खेळ बनवत होती. तिची माणसे वेगवेगळ्या गावांत बसून काम करायची, म्हणून त्यांनी आपसात बोलण्यासाठी घरच्या घरी एक साधन तयार केले. २०१२ मध्ये तो खेळ बंद पडला. हाती उरले ते बोलण्याचे साधन. त्यांनी तेच बाजारात आणले आणि २०१४ पासून 'स्लॅक' या नावाने ते जगभर पसरले. त्या नावाची इंग्रजी अक्षरे सोडवली तर अर्थ निघतो, सगळ्या बोलण्याची आणि माहितीची शोधता येणारी नोंदवही. म्हणजे आपली बारनिशीच की! पुढे २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'टीम्स' आणले, आपल्याकडच्या झोहो कंपनीचे 'क्लिक' आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०२१ मध्ये सरकारी कामासाठी 'संदेस' आणले.

कंपन्यांच्या या साधनांत आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फरक एकच, पण मोठा आहे. तिथे खाते ऑफिसचे असते. माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचे खाते बंद होते आणि बोलणे ऑफिसकडे राहते. व्हॉट्सॲपवर बोलणे ज्याच्या त्याच्या फोनात राहते. साहेबांची बदली झाली, साहेब फोनसकट गेले. नवे साहेब आले, त्यांना ग्रुपात घेतले, पण मागचे सगळे बोलणे त्यांना आपोआप दिसत नाही. मग पुन्हा तोच तक्ता, तीच माहिती, 'अतितात्काळ, आजच्या आज'.

फोन कोणाचा, वेळ कोणाची

या व्यवहारात खर्च कोणाचा होतो तेही बघितले पाहिजे. ऑफिसातल्या बाबूच्या टेबलावर संगणक असतो. सेविका आणि आशाताई मानधनावर आणि मोबदल्यावर काम करतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, ते काही हौस म्हणून नव्हे. फोनची क्षमता अपुरी, तो गरम होऊन बंद पडे, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्या माथी आणि पोषण ट्रॅकरचे ॲप इंग्रजीत. बाई मराठी शाळेत शिकलेली, बालकाचे नाव इंग्रजीत लिहिताना 'श' आणि 'ष' कुठे शोधायचे? ते आंदोलन ॲपविरुद्ध नव्हते. साधन देताना वापरणाऱ्याला कोणी विचारले नाही, यावर होते.

ग्रुपच्या बाबतीत तीच गोष्ट वेगळ्या वेशात येते. रात्री साडेनऊला संदेश पडतो, 'उद्या सकाळी नऊपर्यंत माहिती हवी.' त्या वेळी सेविका भाकरी थापत असते, किंवा वीज नसते, किंवा बालाघाटाच्या कुशीतल्या वस्तीवर रेंजसाठी माळावर जावे लागते. सकाळी नऊला 'माहिती अप्राप्त' म्हणून तिचे नाव त्याच ग्रुपात, शंभर जणांसमोर. समोर बोलावून रागावले असते तर चार भिंतींत राहिले असते. इथे सगळ्या तालुक्याने वाचले.

आणखी एक गोष्ट बायका मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून इथे लिहावी लागते. ग्रुपात घातले की तिचा नंबर सगळ्यांना दिसतो. ओळख ना पाळख, त्या नंबरवर रात्री-अपरात्री 'हाय' येऊ लागते. ग्रुपातून बाहेर पडावे तर 'कामात टाळाटाळ'. आपल्याला ग्रुपात कोणी घालावे हे ठरवायची सोय ॲपमध्ये २०१९ पासून आहे, पण नोकरीतल्या बाईला ती वापरता येते का, हा प्रश्न आहे.

कामाच्या वेळेनंतर फोन बाजूला ठेवण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ मध्ये कायद्याने मान्य केला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. पण एखाद्या बीटचा किंवा केंद्राचा ग्रुप सुरू करताना 'सायंकाळी सहानंतर आदेश टाकणार नाही, तातडीचे असेल तर फोन करू' एवढे ठरवायला संसदेची वाट बघावी लागत नाही.

मांडवात पोचलेली बातमी

सगळ्यात नाजूक विषय वेगळाच आहे. बीड जिल्हा बालविवाहासाठी बदनाम आहे, आणि ही बदनामी उगाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. ऊसतोडीला कोयता म्हणजे जोडपे लागते, उचल जोडप्यावर मिळते, पोरगी घरी एकटी ठेवून जायची भीती वाटते. कारणे सगळ्यांना पाठ आहेत. ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. पण खबर आधी लागते ती अंगणवाडीताईला आणि आशाताईला.

आता समजा, नववीतल्या मुलीची हळद उद्या आहे असे एका ताईला कळले. तिने काय करावे? सवय अशी झाली आहे की सगळे ग्रुपवर टाकायचे. तिने गावाचे नाव, मुलीचे नाव, बापाचे नाव लिहून प्रकल्पाच्या ग्रुपवर टाकले. त्या ग्रुपात दोनशे माणसे. दोनशेंत कोणीतरी पाहुणा निघतोच, आपल्याकडे सोयरीक चार तालुक्यांत पसरलेली असते. कोणीतरी स्क्रीनशॉट काढला आणि पुढे ढकलला. तासाभरात बातमी मांडवात. लग्न दुसऱ्या गावच्या शेतात, पहाटेच्या मुहूर्तावर लागून मोकळे. पोलीस आणि ग्रामसेवक येतात तेव्हा मांडवाचे खांबही उपटलेले. आणि ती ताई? तिला त्याच गावात राहायचे आहे, त्याच हापशावर पाणी भरायचे आहे. खबर कोणी दिली हे तिच्या नावानिशी, तिच्या फोटोसकट, वेळेसकट सगळ्यांच्या हातात आहे.

अशी खबर ग्रुपची नाहीच. ती १०९८ ची आहे. हा मुलांसाठीचा मदत क्रमांक असून फोन करणाऱ्याचे नाव तिथे गुप्त राहते. किंवा ग्रामसेवकाला थेट फोन करावा, नाहीतर ११२ वर पोलिसांना. ग्रुप सुरू करतानाच पहिल्या दिवशी हे सांगितले गेले पाहिजे, लिहून पहिल्या जागी चिकटवून ठेवले पाहिजे.

हीच गोष्ट गरोदर बाईच्या यादीची. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकाकडे निघतात. कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणत्या कारखान्यावर गेली, हे आशाताईला तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवायचे असते. काम फार मोलाचे आहे, त्यातून जीव वाचतात. पण त्यासाठी बाईचे नाव, आधार क्रमांक आणि आजार दीडशे जणांच्या ग्रुपात टाकायची काय गरज? ज्याला हवे त्याला एकट्याला पाठवावे. गर्भपाताचे, पिशवीच्या शस्त्रक्रियेचे, क्षयाचे किंवा एचआयव्हीचे नाव ग्रुपात घेणे म्हणजे बाईचे घर चव्हाट्यावर मांडणे. मुलीवर अत्याचार झाला असेल तर तिची ओळख उघड करणे हा सरळ गुन्हाच आहे, ग्रुप सरकारी असला तरी.

मग ग्रुप सुरू कसा करावा

आधी एका ग्रुपचे दोन करावेत. एक आदेशाचा, एक बोलण्याचा. आदेशाच्या ग्रुपात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय २०१८ पासून आहे, दोन बोटांचे काम आहे. एवढ्याने निम्मा कचरा जातो. बोलण्याच्या ग्रुपात शंका विचाराव्यात, अडचण सांगावी, वाढदिवसही करावेत, माणसे आहोत आपण.

ॲडमिन एकटे साहेब नकोत. सोबत कचेरीतला एक कायम कारकून हवा. एकटा ॲडमिन ग्रुप सोडून गेला, तर ॲप आपल्या मर्जीने आतल्याच कोणाला तरी ॲडमिन करते. बदली झालेल्या, निवृत्त झालेल्या माणसाला त्याच आठवड्यात काढावे. त्यात अपमान नाही. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्यालाच देते, आणि जुने नंबर यादीत राहू दिले तर ग्रुपात कोण बसले आहे याचा भरवसा उरत नाही.

आदेश लिहायचा कसा, यावर मी थोडा आग्रही आहे. 'तात्काळ' हा शब्द आपण इतका वापरला, की त्याचा अर्थच झिजला. पहिल्या ओळीत विषय, दुसरीत कोणी करायचे, तिसरीत कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत, चौथीत कोणत्या नमुन्यात. 'बीटमधील सर्व सेविका. सहा वर्षांखालील बालकांची वजने. शुक्रवार, दुपारी ४ पर्यंत. जोडलेल्या तक्त्यात.' एवढे पुरते. कागद जोडायचा तर फोटो काढून नको, पीडीएफ करावा आणि त्याला नाव द्यावे. 'आयएमजी' आणि पुढे आठ आकडे, अशा नावाचा कागद पुन्हा सापडत नाही. संदेश पाठवल्यावर पंधरा मिनिटांत बदलता येतो, ही सोय आदेशासाठी वापरू नये. कोणी जुना वाचलेला असतो, कोणी नवा. चूक झाली तर 'दुरुस्त आदेश' म्हणून वेगळा टाकावा. आपोआप पुसले जाणारे संदेश तर आदेशाच्या ग्रुपात बंदच ठेवावेत.

'ओके सर' लिहायची काही गरज नसते. संदेशावर बोट दाबून अंगठा देता येतो, २०२२ पासून. शिवाय आपल्या संदेशाची 'माहिती' उघडली की कोणी वाचले, कोणापर्यंत पोचलाच नाही, हे नावानिशी दिसते. रेंज नसलेल्या ताईपर्यंत संदेश पोचला नाही, हे साहेबांना तिथेच कळू शकते. तिला कारणे दाखवा नोटीस काढण्याआधी एवढे बघायला हरकत नाही. टाइप करणे जड जाते अशांना बोलून संदेश पाठवू द्यावा, मात्र आकडे लिहूनच घ्यावेत. आणि फोनचे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणे बंद करून ठेवावे, नाहीतर स्वस्तातला फोन महिन्याभरात भरतो.

वाचले म्हणजे मिळाले?

'ग्रुपवर टाकले' याला कायद्यात किंमत आहे का, असे पुष्कळ जण विचारतात. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुली प्रकरणात व्हॉट्सॲपवरची नोटीस समोरच्याला मिळाली आणि त्याने ती उघडलीही, हे निळ्या खुणांवरून मान्य केले होते. तेव्हा निळी खूण म्हणजे गंमत नाही. स्वतःच्या फोनात निळ्या खुणा बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये ती पळवाट चालत नाही. ॲडमिन मंडळींना दुसरी भीती असते, की कोणी भलतेच काही टाकले तर आपण आत जाऊ. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २०२५ च्या जुलैमध्ये कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले. कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरायला त्यात मुभा आहे. गोपनीय कागद परवानगीशिवाय पुढे पाठवायला नाही. म्हणजे ग्रुपला सरकारची ना नाही. पण माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. उद्या एखाद्या शेतकऱ्याने पंचनाम्याचा आदेश कधी निघाला म्हणून अर्ज टाकला, आणि आदेश बदलून गेलेल्या साहेबांच्या फोनात असेल, तर त्याला काय उत्तर देणार? ब्रिटनमध्ये कोविडच्या चौकशीत २०२३ साली थेट माजी पंतप्रधानांचे व्हॉट्सॲप संदेश मागितले गेले आणि त्यावरून सरकार न्यायालयात जाऊन हरले. तिथे पंतप्रधानांचे निघते, तर आपल्या मंडळ अधिकाऱ्यांचे का नाही?

उपाय जुनाच आहे. दिवसातून एकदा, संध्याकाळी ऑफिस बंद करताना, कारकुनाने आदेशाच्या ग्रुपातले संदेश उघडावेत आणि क्रमांक घालून बारनिशीत चढवावेत. दहा मिनिटांचे काम. महिनाअखेर ग्रुपचे सारे बोलणे फाइल म्हणून काढून ऑफिसच्या संगणकात ठेवता येते, तशी सोय ॲपमध्येच आहे.

साखर कारखान्याचे शेतकी खाते या बाबतीत पुष्कळदा सरकारपेक्षा शहाणे ठरते. गव्हाण बंद पडली तर फडात तोड थांबवायला लागते, नाहीतर तोडलेला ऊस वाळून वजन आणि साखर दोन्ही जाते. अशा वेळी गटाच्या चिटबॉयला मिळणारा निरोप चार शब्दांचा असतो, वेळ घातलेला असतो आणि त्याखाली गुलाबाचे फूल नसते. तिथे उशिराची किंमत टनात मोजली जाते, म्हणून शिस्त आपोआप येते. अंगणवाडीतल्या उशिराची किंमत कोणी काट्यावर घालत नाही, एवढेच.

बदल्यांचा हंगाम मे-जूनमध्ये येतो. साहेब बदलतील, बीटच्या मुख्यसेविका बदलतील, केंद्रप्रमुख बदलतील. नवे आले की पहिल्या मासिक बैठकीत चहा यायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. या ग्रुपात आदेश कोण टाकणार, किती वाजेपर्यंत टाकणार, रेंज नसली तर कोणाला फोन करायचा, आणि कोणते नाव इथे कधीच लिहायचे नाही. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि खाली साहेबांची सही घ्यावी, शाईची.